गरोदरपणातल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर

गरोदरपण आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींवरच्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार लोकांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासात, नाव घालायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, औषध कोणतं? खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की तुम्हाला कितवा आठवडा चालू आहे? गुडघेदुखीच्या ट्रायलमध्ये आज जमलं नाही तर तीन महिन्यांनी जाता येतं. इथे तशी सोय नाही. प्रीक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर आजार, टाळण्याच्या ट्रायलमध्ये बहुधा अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात घेतात, पंधराव्यात गेलात तर परत पाठवतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या ट्रायलमध्ये तर निर्णयाला काही मिनिटंच मिळतात. म्हणून गुंतागुंत झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या सोनोग्राफीच्या सुमारासच चौकशी करून ठेवलेली बरी.

आठवड्यांचा हिशोब

कोणत्या विषयाच्या ट्रायल साधारण कधी भरती करतात, ते माहीत असलं की शोध निम्मा सोपा होतो. पहिल्या बारा आठवड्यांत अंगावर लाल जात असेल, तर गर्भपात टाळण्यासंबंधीच्या ट्रायल. २०१९ मध्ये निकाल आलेल्या प्रिझम ट्रायलमध्ये अशाच ४,१५३ स्त्रिया होत्या आणि प्रोजेस्टेरॉनची तुलना प्लासीबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी केली होती. अकरा ते चौदा आठवडे हा प्रीक्लॅम्प्सिया टाळण्याचा काळ. सोळा ते चोवीसच्या दरम्यान गर्भाशयमुखाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी निघाली, तर मुदतपूर्व प्रसूती टाळण्याच्या ट्रायलमध्ये विचारणा होऊ शकते. चोवीस ते अठ्ठावीसमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन साखर तपासतात, त्यानंतर गरोदरपणातल्या मधुमेहाच्या ट्रायल. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला, किंवा बाळाची वाढ मागे पडली, तर त्या त्या गुंतागुंतीवरच्या उपचारांच्या. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी द्यायच्या स्टेरॉइडच्या. शेवटच्या महिन्यात कळा आणण्याच्या वेळेवरच्या, आणि मग प्रत्यक्ष प्रसूती व त्यानंतरच्या.

हा सगळा हिशोब एका तारखेवर उभा असतो, आणि नेमकी तीच तारीख फाइलमध्ये दोन-तीन प्रकारे लिहिलेली सापडते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस अंदाजाने सांगितलेला असतो, पहिल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख येते, तिसऱ्या सोनोग्राफीचं मशीन स्वतःच तिसरी छापतं. यातली सगळ्यात भरवशाची तारीख म्हणजे १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत झालेल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून काढलेली. अहवालात ती सीआरएल म्हणून मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. पुढच्या महिन्यांत बाळं आपापल्या वेगाने वाढतात, त्यामुळे उशिराच्या सोनोग्राफीवरून काढलेलं वय आठवडा-दोन आठवडे सहज चुकतं. तिसऱ्या सोनोग्राफीतली 'नवी तारीख' ही बहुतेक वेळा नवी तारीख नसतेच, बाळ सरासरीपेक्षा थोडं मोठं किंवा लहान आहे एवढाच तिचा अर्थ.

तेव्हा दोन गोष्टी करा. पहिल्या सोनोग्राफीचा मूळ कागद जपून ठेवा, आणि त्याचा फोटोही, ज्यात सीआरएल आणि तपासणीची तारीख वाचता येईल. दुसरं, तुमच्या डॉक्टरांना फाइलच्या पहिल्या पानावर एकच 'अंतिम प्रसूतीची तारीख' लिहून त्याखाली सही करायला सांगा. तारखांच्या घोळामुळे एरवी पात्र असलेली बाई ट्रायलबाहेर राहते, आणि हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

ट्रायल म्हणजे नेहमी नवं औषध नव्हे

गरोदर स्त्रियांवरच्या मोठ्या ट्रायलमधली औषधं बहुधा जुनी, वापरातली असतात. प्रश्न असतो तो या वेळी, या मात्रेत, या गुंतागुंतीत ती कामाला येतात का, हा. २००२ मध्ये निकाल आलेली मॅगपाय ट्रायल मॅग्नेशियम सल्फेटची होती. ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया तिच्यात होत्या आणि प्रीक्लॅम्प्सियात झटके येण्याचा धोका या औषधाने निम्म्याहून कमी झाला. २०१७ च्या वुमन ट्रायलमध्ये ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड होतं. रक्तस्राव होत असताना प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०,०६० स्त्रियांच्या सहभागातून कळलं.

काही ट्रायलमध्ये औषध नसतंच. नुसतं निरीक्षण असतं, रक्ताचे नमुने आणि सोनोग्राफीची मापं घेऊन पुढे काय होतं ते पाहतात. अशा अभ्यासात जोखीम जवळपास सुई टोचण्याइतकीच. कुणाला कोणता उपचार हे एरवी चिठ्ठी टाकून ठरवतात, पण काहींमध्ये ती चिठ्ठी तुमच्या नावाची न पडता रुग्णालयाच्या नावाची पडते. २०२३ मध्ये निकाल आलेल्या ई-मोटिव्ह ट्रायलमध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं होती. काही रुग्णालयांत बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं आणि रक्तस्राव दिसताच ठरलेले पाच उपाय एकदम सुरू केले, बाकीच्यांत नेहमीची पद्धत चालू राहिली. अशा अभ्यासात उपचार निवडण्याचा प्रश्न तुमच्यापुढे येत नाही. विचारायचं ते एवढंच, की माझी माहिती वापरणार का आणि नाही म्हणता येतं का.

अगदी नवं रसायन असेल तर मात्र बारकाईने विचारा. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातली ट्रायल म्हणजे मात्रा आणि सुरक्षितताच अजून तपासली जाते आहे. गाभण प्राण्यांवर काय दिसलं, याआधी किती गरोदर स्त्रियांना दिलं, वारेतून बाळापर्यंत किती पोचतं, ही उत्तरं माहितीपत्रकात लेखी असायला हवीत. एवढी सावधगिरी उगाच नाही. मळमळीवर गरोदर स्त्रियांनाही दिलं जाणारं थॅलिडोमाइड १९६१ मध्ये बाजारातून निघेपर्यंत हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. गर्भपात टाळायला म्हणून दिलेल्या डीईएस या हार्मोनचं तर आणखीच वाईट. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ च्या ट्रायलमध्ये दिसलं होतं, तरी अमेरिकेत ते १९७१ पर्यंत दिलं जात राहिलं, आणि त्या गरोदरपणातून जन्मलेल्या मुलींमध्ये पुढे योनीचा दुर्मीळ कर्करोग सापडला. म्हणजे थॅलिडोमाइडमध्ये गरोदरपणात तपासायचंच राहून गेलं, आणि डीईएसमध्ये तपासून निघालेला निकाल कुणी मानला नाही.

गरोदर स्त्रियांना सरसकट वगळून टाकलं तर आणखी वेगळी अडचण होते. २०२० मधल्या कोविड लशींच्या पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये त्यांना घेतलंच नव्हतं. लस आल्यावर घ्यायची की नाही, हे त्यांना अगदी अपुऱ्या माहितीवर ठरवावं लागलं.

नोंदणी शोधायची कशी, वाचायची कशी

विश्वासार्ह ट्रायल पहिली स्त्री दाखल होण्याआधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी हे पोर्टल अनेक देशांच्या नोंदवह्या एकत्र दाखवतं. सुटसुटीत शोधायला अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह, ब्रिटनमधून चालणारी आयएसआरसीटीएन, युरोपीय संघाची सीटीआयएस आणि भारताची सीटीआरआय या नोंदवह्या फुकट उघडतात. शोधताना बोलीतले शब्द चालत नाहीत, गुंतागुंतीचं वैद्यकीय नाव इंग्रजीत टाकावं लागतं. ते स्पेलिंग डॉक्टरांच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवा. जोडीला देशाचं आणि शहराचं नाव टाका.

यादी आली की आधी स्थिती पाहा. 'रिक्रूटिंग' म्हणजे भरती चालू. 'नॉट येट रिक्रूटिंग' म्हणजे अजून सुरू व्हायची आहे, आणि गरोदर बाईला ती कधी सुरू होणार याला महत्त्व आहे, कारण तिचे आठवडे थांबत नाहीत. 'अ‍ॅक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' म्हणजे काम चालू आहे पण दार बंद. 'अननोन' म्हणजे ठरलेली मुदत उलटून गेली आणि नोंद बराच काळ कुणी अद्ययावत केलेली नाही. तिथे फोन करून पाहायला हरकत नाही, पण आशा फार ठेवू नका.

मग पात्रतेचे निकष. इथे घाईने वाचलं की फसगत होते. सामील करण्याच्या अटी सगळे वाचतात, वगळण्याच्या अटी खाली असतात आणि त्या वाचायच्या राहून जातात. नेहमी आढळणाऱ्या म्हणजे जुळी बाळं असणं, बाळात मोठं व्यंग दिसलेलं असणं, किडनीचा किंवा यकृताचा जुना आजार, औषधाची अ‍ॅलर्जी, दुसऱ्या ट्रायलमध्ये आधीच असणं. आणि एक सगळ्यांना अडकवणारी, ते औषध आधीपासून घेत असणं. अ‍ॅस्पिरिनच्या ट्रायलसाठी आलेल्या बाईला कुणीतरी आठव्या आठवड्यातच अ‍ॅस्पिरिन सुरू केलेलं असतं. मग ट्रायलमध्ये जाता यावं म्हणून ते परस्पर बंद करायचं का? अजिबात नाही. तुम्हाला ते खरोखर लागत असेल तर ट्रायल सोडून द्या.

'प्रायमरी आउटकम' या रकान्यावरही नजर टाका. अभ्यास नक्की काय मोजणार आहे ते तिथे असतं. आईच्या जिवाचा धोका, बाळाचा अतिदक्षता विभागातला मुक्काम, की नुसता रक्तातला एखादा आकडा? शेवटचा प्रकार वाईट नसतो, पण तुमच्या आयुष्यात त्याने काय फरक पडणार ते ठरवताना उपयोगी पडतं.

पहिला फोन

नोंदीत संपर्काचा क्रमांक आणि मेल असतो. फोन बहुधा ट्रायलची रोजची कामं सांभाळणारी को-ऑर्डिनेटर उचलते, आणि ती दोन मिनिटांत पुढे जायचं की नाही ते सांगू शकते, जर तुमच्याजवळ ही माहिती तयार असेल तर: आज किती आठवडे किती दिवस, अंतिम तारीख कशावरून काढली, एक बाळ की जास्त, आधीची बाळंतपणं आणि त्यात काय झालं होतं, सीझर झालं असल्यास कधी, चालू असलेली सगळी औषधं मात्रेसह, वजन-उंची, शेवटचा रक्तदाब, आणि बाळंतपण कुठे करणार. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण गरोदरपणातल्या ट्रायलचा निकाल बहुतेक वेळा बाळंतपणातच कळतो. सहाव्या महिन्यात नाव घातलं आणि बाळंतपणाला दुसऱ्या शहरात गेलात, तर टीमला शेवटची माहितीच मिळत नाही. काही टीम दुसऱ्या रुग्णालयातून कागद मागवून घेतात, काही अशा स्त्रियांना घेतच नाहीत. आधी सांगून टाका.

फोनवर होकार देण्याचं बंधन नसतं. उलट माहितीपत्रक आधी पाठवा म्हणून सांगा. तुमच्या भाषेतलं मागा. ते मिळणं हा तुमचा हक्क आहे. आणि या चौकशीची कल्पना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना द्या.

स्क्रीनिंग: नाही ऐकायची तयारी

पात्र वाटणाऱ्या स्त्रियांपैकी थोड्याच प्रत्यक्ष ट्रायलमध्ये जातात. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे ट्रायलचं उदाहरण घ्या. प्रीक्लॅम्प्सियाचा धोका ओळखायला २६,९४१ स्त्रियांची तपासणी झाली, आणि चिठ्ठी पडली ती १,७७६ जणींच्या नावाची. त्यामुळे स्क्रीनिंगमध्ये नाकारलं म्हणजे तुमच्यात काही वाईट सापडलं असं नाही. बहुतेक वेळा उलटंच असतं, धोका पुरेसा जास्त नसतो. तरी कारण विचारा आणि तपासण्यांचे निकाल स्वतःकडे घ्या, ते तुमच्या फाइलमध्ये कामाला येतात.

स्क्रीनिंगच्या तपासण्यांआधीही संमतीची सही लागते, नेहमीच्या तपासणीचा भाग असलेल्या गोष्टी सोडून. सही न घेता ट्रायलसाठी जादा रक्त काढलं जात असेल तर तिथेच थांबवा.

माहितीपत्रक वाचताना

हे दहा-पंधरा पानांचं असू शकतं आणि बरंचसं कंटाळवाणं असतं. सगळं वाचायला हवंच, पण काही ठिकाणी थांबून, पेन्सिलीने खुणा करत वाचा.

पहिलं, ट्रायलमध्ये न गेल्यास मला कोणता उपचार मिळेल? हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तुलनाच करता येत नाही. दुसरं, चिठ्ठीने कोणकोणते गट पडणार आणि त्यात प्लासीबो आहे का. प्लासीबो असणं म्हणजे उपचारच नाही, असं नव्हे. ठरलेली सगळी काळजी दोन्ही गटांना मिळते, त्यावर गोळी खरी की खोटी एवढाच फरक असतो. पण ज्या गुंतागुंतीवर परिणामकारक उपचार आधीच ठरलेला आहे, तिथे तो बाजूला ठेवून नुसता प्लासीबो देणार असतील तर प्रश्न विचारायलाच हवा. प्रीक्लॅम्प्सियाचा रक्तदाब १६०/११० वर गेलेला असताना प्लासीबो, असं काही कागदावर दिसलं तर सही करू नका.

तिसरं, जादा काय करणार. किती जादा सोनोग्राफी, किती रक्त आणि किती वेळा. रक्ताचं प्रमाण मिलिलिटरमध्ये लिहिलेलं असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आकडे बेरीज करून पाहा आणि विचारा. वार, नाळेतलं रक्त, जनुकीय तपासणी, नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवणं, या प्रत्येकासाठी वेगळी चौकट असते आणि ट्रायलला हो म्हणून यातल्या काहींना नाही म्हणता येतं. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

चौथं, बाळ. जन्मानंतर बाळाच्या तपासण्या कुठपर्यंत, सहा आठवडे की दोन वर्षं? पाचवं, इजा झाल्यास उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, आणि ती बाळालाही लागू आहे का. आईचा विमा लिहिलेला असतो, बाळाबद्दलचं वाक्य मोघम असतं. ते वाक्य बोट ठेवून विचारा. सहावं, स्वतंत्र सुरक्षा समिती आहे का. ही समिती ट्रायल चालू असतानाच आकडे पाहते आणि थांबवू शकते. दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. पोटात वाढ खुंटलेल्या बाळांसाठी सिल्डेनाफिल देणारी नेदरलँड्समधली स्ट्रायडर ट्रायल २०१८ मध्ये थांबवली, कारण औषधाच्या गटातल्या नवजात बाळांना फुप्फुसातल्या रक्तदाबाचा त्रास जास्त दिसला. जागतिक आरोग्य संघटनेची अ‍ॅक्शन ट्रायलही लवकर थांबली, पण उलट कारणाने. डेक्सामेथासोनने अकाली जन्मलेल्या बाळांचे मृत्यू स्पष्टपणे कमी होत होते, मग निम्म्या आयांना प्लासीबो देत राहण्यात अर्थ नव्हता. २,८५२ स्त्रियांच्या त्या ट्रायलचा निकाल २०२० मध्ये आला.

पत्रकावर नैतिकता समितीच्या, म्हणजे अभ्यास सहभागींसाठी योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीची तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो. तुम्ही सही करता त्या कागदावर आणि घरी मिळालेल्या प्रतीवर तो सारखाच आहे ना, पाहा. सही केलेली एक प्रत तुमची.

सही कुणाची आणि केव्हा

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या गरोदर बाईच्या वतीने दुसरं कुणी सही करू शकत नाही. नवरा नाही, सासू नाही, डॉक्टर तर नाहीच. घरच्यांशी जरूर बोला, पण निर्णय तुमचा. काही नियमांत अपवाद आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेत संशोधनाचा फायदा फक्त गर्भालाच होणार असेल तर वडिलांचीही संमती घेतात.

अवघड भाग आहे तो कळा चालू असतानाच्या संमतीचा. दर तीन मिनिटांनी कळ येत असताना चार पानं वाचून नीट विचार होत नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही धरू नये. चांगल्या टीम म्हणून शेवटच्या महिन्यांच्या तपासण्यांतच प्रसूतीगृहातल्या ट्रायलची माहिती देतात आणि वेळ आल्यावर फक्त पुन्हा विचारून खात्री करतात. तुमच्या रुग्णालयात संशोधन चालत असेल तर चौतीस-पस्तीसाव्या आठवड्यात आपणच विचारा: "इथे लेबर रूममध्ये सध्या कुठली ट्रायल चालू आहे का?" उत्तर हो असेल तर कागद घरी आणा, ठरवा, आणि जे ठरेल ते फाइलमध्ये ठळक लिहून घ्या. नको असेल तर 'नको' हेही लिहून घ्या. ऐनवेळी तुमच्या सोबतच्या माणसालाही ते माहीत असू द्या.

प्राणावर बेतलेल्या रक्तस्रावात काही ट्रायलमध्ये उपचार आधी आणि पूर्ण संमती नंतर, अशी पद्धत नैतिकता समितीने मंजूर केलेली असते. वुमन ट्रायलमध्येही ती होती. अशा वेळी शुद्धीवर आल्यावर तुम्हाला सगळं सांगून पुढे राहायचं की नाही ते विचारलंच पाहिजे.

नाव घातल्यावर

चिठ्ठी कॉम्प्युटर टाकतो. डॉक्टरांना गट निवडता येत नाही आणि बहुतेक वेळा कळतही नाही. 'मला खरं औषध द्या' अशी विनंती करून उपयोग नसतो, आणि गोळी फोडून चव बघून ओळखायचा प्रयत्न केलात तर तुमचा सहभाग वाया जातो.

गोळ्या वेळेवर घेणं हे सगळ्यात मोठं काम. अ‍ॅस्प्रेमध्ये रोज रात्री झोपताना १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ३६ व्या आठवड्यापर्यंत घ्यायचं होतं. मुदतीआधीच्या प्रीक्लॅम्प्सियाचं प्रमाण प्लासीबोच्या गटात ४.३ टक्के होतं, औषधाच्या गटात १.६ टक्के. आणि ज्यांनी नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्या, त्यांच्यात फायदा आणखी ठळक होता. गोळ्या चुकल्या तर लपवू नका. रिकाम्या स्ट्रिप आणि उरलेल्या गोळ्या दर भेटीला परत न्यायच्या असतात, टीम त्या मोजते. ओरडा बसेल म्हणून उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या तर औषध घेतलं पण लागू पडलं नाही, असं नोंदलं जातं.

घरी रक्तदाब मोजायला यंत्र दिलं असेल तर पद्धत नीट पाळा. लघवी करून या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं, हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, कमी आलेला निवडून नव्हे. दंडाला पट्टा लहान पडत असेल तर आकडा खोटा वाढतो, मोठा पट्टा मागून घ्या. आणि यंत्र गरोदरपणासाठी तपासलेलं आहे ना तेही विचारा, प्रीक्लॅम्प्सियात काही साधी यंत्रं रक्तदाब कमी दाखवतात.

वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर को-ऑर्डिनेटरच्या फोनची वाट पाहत बसू नका. थेट रुग्णालयात जा, ट्रायलला नंतर कळवा. कळवायचं मात्र नक्की. रुग्णालयात भरती व्हावं लागणं हे गंभीर घटना म्हणून नोंदलं जातं, मग त्याचा औषधाशी संबंध असो वा नसो.

ट्रायलचं ओळखपत्र पर्समध्ये आणि त्याची एक प्रत बाळंतपणाच्या बॅगेत ठेवा. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये असलेल्या डॉक्टरांना तुमच्या ट्रायलबद्दल काही माहीत नसतं. ओळखपत्रावर चोवीस तासांचा क्रमांक असतो. जीवावर बेतलं आणि औषध कोणतं ते कळणं गरजेचं झालं, तर त्या क्रमांकावरून चिठ्ठी उघडता येते. नाळेचे किंवा वारेचे नमुने द्यायचे असतील तर आल्याआल्या नर्सला सांगा, नाहीतर वार नेहमीसारखी टाकून दिली जाते आणि मग काही करता येत नाही.

बाहेरच्या कुठल्याही डॉक्टरने नवं औषध सुरू केलं तर आधी ओळखपत्र दाखवा. दोन ट्रायलमध्ये एकाच वेळी राहायचं असेल तर दोन्ही टीमना विचारून. निरीक्षणाचा अभ्यास आणि औषधाची ट्रायल कधीकधी जमते, दोन औषधांच्या जवळपास कधीच नाही.

सोडायचं असेल तर

कधीही, कारण न देता सोडता येतं आणि त्याचा तुमच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. अ‍ॅस्प्रेमध्ये १५२ जणींनी संमती मागे घेतली. इतकं ते सामान्य आहे. पण सोडण्याच्या पायऱ्या असतात आणि त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. गोळ्या बंद, पण भेटी चालू. भेटीही बंद, पण फाइलमधून बाळंतपणाची माहिती घेतलेली चालेल. किंवा सगळंच बंद. बहुतेकींना पहिली किंवा दुसरी पायरीच हवी असते, पण तोंडाने 'मला नको आता' एवढंच म्हटलं की तिसरी नोंदली जाऊ शकते. नक्की काय बंद करायचंय ते सांगा आणि लिहून घ्या. आधी गोळा झालेली माहिती बहुधा पुसता येत नाही. साठवलेले नमुने नष्ट करायला मात्र सांगता येतं, त्यांच्यावरचं नाव अजून काढून टाकलेलं नसेल तर. काही औषधं अचानक बंद करायची नसतात, त्यामुळे आधी फोन, मग थांबणं.

फोन न उचलता नुसतं नाहीसं होणं हे मात्र टाळा. कोण नाहीसं होतं ते योगायोगाने ठरत नाही. ज्यांना त्रास झाला त्या येणं बंद करतात, आणि मग औषध असतं त्यापेक्षा चांगलं दिसतं.

बाळ झाल्यानंतर

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत भेटी चुकण्याचं प्रमाण वाढतं, आणि ते समजण्यासारखं आहे. प्रश्न फोनवर घेता येतील का, बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच तपासणी उरकता येईल का, हे विचारा. बरेचदा येतं. अंगावर पाजत असाल आणि औषध बाळंतपणानंतरही चालू राहणार असेल, तर ते दुधातून किती जातं याचं लेखी उत्तर घ्या.

आपल्याला कोणता गट मिळाला होता, हे बहुधा ट्रायल पूर्ण संपल्यावरच कळतं, आणि त्याला वर्षं लागू शकतात. संमतीपत्रावर 'निकाल कळवा' अशी चौकट असेल तर तिथे खूण करा, नसेल तर तसं लिहून द्या. नोंदणी क्रमांक जपून ठेवा, त्या क्रमांकाने नोंदवहीत निकाल पुढे कधीही पाहता येतो. बाळाच्या दुसऱ्या वर्षाची तपासणी ठरलेली असेल आणि मध्ये घर किंवा फोन बदलला, तर नवा क्रमांक को-ऑर्डिनेटरला कळवा, जोडीला जवळच्या एखाद्या नातेवाइकाचाही द्या.